खऱ्या कमाईचे कागद : बालवीरांचा निधि, त्यांची सेवा व त्यांचें दप्तर

१. विषय व त्याची मर्यादा

दिंडोरी हें नांव इतिहास-संशोधकांस मुख्यतः एका लढाईमुळें परिचित आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजीमहाराज परत येत असतां ता. १७ ऑक्टोबर १६७० रोजीं वणी-दिंडोरीच्या परिसरांत दाऊदखान कुरेशी याच्या मोंगल फौजेशीं त्यांची गांठ पडली, व उघड्या मैदानावरची ही लढाई मराठ्यांनीं जिंकली. ह्या प्रसंगाची आज जी माहिती आहे ती सभासदाची बखर, भीमसेन सक्सेना याचा फारसी वृत्तांत अशा मोजक्या लेखांवर उभी आहे. हे लेख गहाळ झाले असते तर दिंडोरीच्या माळांनीं आपण होऊन आपणांस कांहींच सांगितलें नसतें.

मोठ्या घटनेचे कागद थोडे उरले तरी त्यांचा शोध घेणारे पुष्कळ असतात. लहान घटनेचे कागद पुष्कळ असूनहि त्यांस कोणी विचारीत नाहीं, म्हणून तेच आधीं नाहींसे होतात. प्रस्तुत लेख अशाच एका लहान घटनेच्या कागदांविषयीं आहे. शाळेंतील बालवीर व वीरबाला, म्हणजे ज्यांना आज स्काऊट व गाईड म्हणतात तीं मुलें, आपल्या पथकासाठीं पैसा कसा उभा करीत आलीं, त्यांतून कोणती सेवा घडली, आणि ह्या व्यवहाराचा पुरावा कोणत्या कागदांत राहतो, एवढाच येथील विषय आहे. दिंडोरी तालुका उदाहरणादाखल घेतला आहे. या तालुक्यांतून एक मोठा यात्रामार्ग जातो, पूर्वेस बागाइती गांवें तर पश्चिमेस कोकणा व महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत. त्यामुळें मुलांच्या कमाईचे व सेवेचे निरनिराळे प्रकार एका तालुक्याच्या हद्दींतच तपासतां येण्यासारखे आहेत.

प्रतिपाद्य मुद्दा आरंभींच सांगतों. सेवेला कागद लागत नाहीं, पैशाला लागतो. सबब मुलांनीं केलेल्या लोकसेवेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो बहुतांशीं त्यांच्या पैशाच्या कागदांवरूनच लिहावा लागेल. हे कागद आज शाळांच्या कपाटांतून रद्दींत जात आहेत.

२. द्रव्य घेण्याच्या चार रीति

बालवीरांच्या निधीचें वैशिष्ट्य ध्यानांत येण्यास आपल्या समाजांत दुसऱ्याकडून द्रव्य घेण्याच्या ज्या रीति रूढ होत्या त्यांच्याशीं त्याची तुलना केली पाहिजे.

पहिली रीत मागण्याची. वणी गांव दिंडोरी तालुक्यांत असून सप्तशृंगीचा गड त्याच्या पलीकडे कळवण तालुक्यांत आहे. नवरात्रांत देवीच्या नांवानें पांच घरीं जोगवा मागण्याची चाल या भागांत सर्वांस ठाऊक आहे. पुण्यास व नाशिकास माधुकरी मागून विद्या संपादन केलेल्या पुरुषांचीं चरित्रेंहि वाचकांच्या अवलोकनांत आहेतच. ह्या मागण्यांत कमीपणा नव्हता. देणारास पुण्य व घेणारास अन्न मिळे, आणि दोघांमध्यें कागद कधींच येत नसे. म्हणून माधुकरीवर किती विद्यार्थी शिकले याची मोजदाद आज कोणालाहि करतां येत नाहीं.

दुसरी रीत पट्टीची. सरकारास निकड पडली कीं रयतेवर कर्जपट्टीसारखी पट्टी बसे. येथें देणाराच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता, आणि वसुली जबरीची असल्यामुळें कागद मात्र विपुल होत. आपल्या दप्तरखान्यांतील रुमाल अशा याद्यांनीं भरलेले आहेत.

तिसरी रीत वर्गणीची. एकोणिसाव्या शतकांत सभा, शाळा, वाचनालयें निघूं लागलीं तशी ही रीत फोफावली. तिचें अत्यंत बोलकें उदाहरण म्हणजे अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड. प्रत्येक माणसानें वर्षाला एक पैसा द्यावा व त्यांतून स्वदेशी उद्योग उभारावे, इतकी ती कल्पना साधी होती. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसाफंडाचा कांच-कारखाना सुरू झाला. वर्गणीला पावती असते. पण त्या पावतीवर देणाराचें नांव व रक्कम यांपलीकडे कांहीं नसतें. गोळा करणाऱ्यानें किती पायपीट केली, कोणाच्या दारांत किती वेळ उभा राहिला, हें पावती सांगत नाहीं. ७ नोव्हेंबरचा स्काऊट-गाईडांचा ध्वजदिन आणि ७ डिसेंबरचा सेनादलांचा ध्वजदिन, या दोन्ही दिवशीं मुलें जीं ध्वजचिन्हें देऊन पैसे गोळा करतात तीं ह्याच रीतींत मोडतात.

चौथी रीत कमाईची, आणि बालवीरांनीं आपली म्हणून पत्करली ती हीच. मागावयाचें नाहीं, कोणाच्या उपयोगीं पडेल असें काम करावयाचें, आणि त्या कामाचा मोबदला पथकाच्या निधींत घालावयाचा. हिला 'खरी कमाई' हें नांव पडलें. हे दोन्ही शब्द विचार करण्यासारखे आहेत. कमावणें या क्रियापदांत मिळविणें व राबून तयार करणें असे दोन अर्थ नांदतात. आपण पैसा कमावतों, कातडें कमावतों आणि शरीरहि कमावतों. खरा हा शब्द तर नाण्यांच्या संग्राहकांस नवा नाहीं. सराफानें पारखून खरें ठरविलेलें नाणें तेंच चलनी. मुलाच्या पैशालाहि अशीच पारख असली पाहिजे, असा या नांवाचा अभिप्राय दिसतो.

३. चळवळीचा धांवता वृत्तांत

लॉर्ड बेडन पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउन्सी बेटावर मुलांची पहिली प्रायोगिक छावणी भरविली व पुढील वर्षीं आपलें मार्गदर्शक पुस्तक खंडशः प्रसिद्ध केलें. त्या मूळ योजनेंतच काटकसर हा बालवीराचा एक नियम होता. दुसऱ्या श्रेणीच्या बालवीराचे बचत-बँकेंत निदान सहा पेन्स व पहिल्या श्रेणीच्याचा निदान एक शिलिंग जमा असावा, अशी परीक्षेंतील अटच होती. पथकाचा खर्च याचनेनें न भागवितां कामानें भागवावा, असा त्यांचा आग्रह असे.

हिंदुस्थानांत १९०९ सालीं पहिलें पथक बंगलोर येथें निघालें. परंतु आरंभीं या पथकांचीं दारें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतींच उघडीं होतीं. हिंदी मुलांसाठीं स्वतंत्र खटपट करावी लागली. १९१६-१७ च्या सुमारास ॲनी बेझंट यांनीं जॉर्ज अरुंडेल यांच्या साह्यानें मद्रासेकडे हिंदी बालवीरांची संस्था काढली. १९१८ सालीं पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं अलाहाबादेस सेवासमितीचीं बालवीर पथकें उभारलीं.

ह्या दुसऱ्या शाखेचें एक मूळ महाराष्ट्रांत आहे, व तें सहसा सांगितलें जात नाहीं. नामदार गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत या समाजानें यात्रेकरूंच्या सेवेसाठीं स्वयंसेवकांचें मोठें पथक पाठविलें. त्याचे नेते कुंझरू, व वैद्यकीय व्यवस्था समाजाचेच डॉ. देव यांजकडे होती. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमांतील मंडळी ह्याच पथकाच्या मदतीस गेली होती व यात्रेंतील शौचकूपांवर माती लोटण्याचें काम तिनें पत्करलें, असें गांधीजींनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. यात्रेंतील घाण उपसणें हें कमी प्रतीचें काम नव्हे, हा धडा तेव्हां गिरविला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनीं कुंझरू बालवीरांच्या कार्यांत पडले, आणि १९५२ सालीं भारत स्काऊट आणि गाईड या एकत्र संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले.

मधल्या काळांतील भांडणांचा विस्तार येथें करीत नाहीं. १९२१ च्या आरंभीं बेडन पॉवेल हिंदुस्थानांत आले व बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेंत मिळाली. १९३७ च्या दिल्ली येथील मेळाव्यानंतर त्यांनीं हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयीं काढलेले उद्गार वृत्तपत्रांत आले, मोठा असंतोष माजला, व १९३८ सालीं हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही वेगळी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ह्या शाखा एकत्र झाल्या, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजीं गाईड मुलींची संस्थाहि त्यांस मिळाली. एकीकरणाच्या खटपटींत नागपूरचे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस व त्या प्रांताचे राज्यपाल मंगळदास पक्वासा यांचा हात होता.

ह्याच सुमारास, म्हणजे १९४९ च्या ईस्टरांत, ब्रिटनमधील बालवीरांनीं 'बॉब-ए-जॉब' नांवाचा सप्ताह सुरू केला. बॉब म्हणजे बोलीभाषेंत शिलिंग. मुलानें शेजाऱ्याचें एखादें काम करावें, शिलिंग घ्यावा, व तो संस्थेच्या निधींत भरावा. आपल्याकडील खरी कमाई ही ह्या सप्ताहाची बहीण होय. ज्या लोकांच्या चारित्र्याविषयीं १९३७ सालीं शंका घेतली गेली, त्यांच्या मुलांच्या हातीं पुढें असा निधि सोंपविला गेला कीं ज्याचा हिशेब शेवटीं मुलाच्या सचोटीवरच अवलंबून असतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

४. कार्डाचें वाचन

खऱ्या कमाईचा मुख्य कागद म्हणजे कमाईचें कार्ड. त्याची ठेवण सामान्यतः अशी : माथ्यावर संस्थेचें नांव, त्याखालीं मुलाचें नांव, शाळा व पथक, आणि मग दिनांक, केलेलें काम, मिळालेली रक्कम व देणाराची सही यांचे रकाने. दिसण्यांत हें क्षुल्लक आहे. परंतु एका ओळींत काळ, श्रम, मोल व साक्ष ह्या चारहि गोष्टी एकत्र देणारे कागद आपल्या जुन्या दप्तरांत तरी किती सांपडतात ? पेशवेकालीन हिशेबांत मजुराची रोजमुरा सांपडते, पण मजुराला कामास लावणाऱ्या साध्या गृहस्थाची सही त्याशेजारीं क्वचित् असते. मुलाच्या श्रमाची नोंद तर जवळजवळ नसतेच.

असें कार्ड पुष्कळदां सालावांचून हातीं येतें. मुलानें तारीख व महिना लिहिलेला असतो, साल नसतें. अशा वेळीं काल-निर्णयास पुढील खुणा उपयोगीं पडतील.

नाणें. १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ च्या जूनांत 'नवे' हें विशेषण गळालें. म्हणून 'न. पै.' अशी नोंद असल्यास कार्ड बहुधा ह्या सात वर्षांतील. 'चार आणे' एवढ्यावरून मात्र निर्णय करूं नये, कारण पंचवीस पैशांच्या नाण्याला चार आणे म्हणण्याची संवय लोकांत पुढें कित्येक वर्षें टिकली. पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं ३० जून २०११ नंतर चलनांतून गेलीं.

संस्थेचें नांव. भारत स्काऊट आणि गाईड हें नांव छापलेलें असल्यास कागद ७ नोव्हेंबर १९५० च्या अलीकडचा. हिंदुस्थान स्काऊट हें नांव १९३८ ते १९५० या बारा वर्षांची मर्यादा घालून देतें. महाराष्ट्र राज्य असा उल्लेख १ मे १९६० च्या आधींचा असणें शक्य नाहीं.

शाळेचें नांव. लोकल बोर्डाच्या शाळा १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदांकडे आल्या. तेव्हां शिक्क्यावर जिल्हा परिषद असल्यास त्यापूर्वींचा काळ वगळावा. उलट पक्षीं, जुना शिक्का नवा येईपर्यंत कांहीं काळ चालविला जाणें संभवनीय आहे, हें विसरूं नये.

लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं सरकारमान्य झाले व छापील मजकुरांतून अनुच्चारित अनुस्वार मावळले. छापील भागांत 'नांव' आहे कीं 'नाव' आहे, हें पाहणें म्हणून उपयोगाचें. हस्तलिखित भागास हा नियम लावूं नये. वयस्क शिक्षकांचें वळण नियमांनीं बदलत नाहीं.

सही. देणारानें सही केली आहे कीं अंगठा उठविला आहे, यावरून त्या घरच्या साक्षरतेचा अंदाज येतो. एका गांवच्या शंभर कार्डांवरील सह्या व अंगठे मोजले तर शिरगणतीच्या आंकड्यांची पडताळणी करणारें एक स्वतंत्र साधन हातीं येईल. सही घरांतील स्त्रीची कीं पुरुषाची, हेंहि पाहण्यासारखें आहे. कारण मुलाला कामें सांगणारी व्यक्ति बहुधा घरांतील गृहिणीच असते.

उदाहरणादाखल एक ओळ कल्पून पाहूं : 'ता. २ मे; गोठा झाडला व शेण भरलें; चार आणे; अंगठा.' ही ओळ खरी सांपडली असें समजूं नये. परंतु अशी एखादी सांपडल्यास ती काय काय सांगेल? सुटींतील काम; जनावरें बाळगणारें घर; लिहितां न येणारा पण मुलाच्या श्रमाला मोल देणारा गृहस्थ; आणि शाळेंत शिकणाऱ्या मुलानें शेण भरण्यास कमीपणा न मानणें. जातीपातीच्या कल्पनांनीं बांधलेल्या खेड्यांत कोणाच्या मुलानें कोणाच्या अंगणांत कोणतें काम केलें, ह्याला किती अर्थ आहे हें वाचकांस सांगणें नको. काम सांगणारानें मुलाला कोठवर आंत येऊं दिलें, अंगण कीं ओसरी कीं स्वयंपाकघर, हें कामाच्या नांवावरून कळूं शकतें. आणि हें कळणें म्हणजे सामाजिक इतिहासाचें एक पान हातीं येणें होय.

५. खऱ्याखोट्याची पारख

कागद आहे म्हणून मजकूर खरा, असें संशोधक मानीत नाहीं. कार्डांसहि तीच कसोटी लावली पाहिजे. खोटेपणाचे प्रकार साधारणतः तीन संभवतात.

पहिला : पित्यानें अगर चुलत्यानें काम न घेतांच पैसे दिले व मुलानें कांहींतरी काम लिहिलें. अशा कार्डावर देणारे एकाच आडनांवाचे असतात व रकमा ठोक असतात. दुसरा : शिक्षकानें प्रत्येक मुलामागें एक रक्कम ठरवून दिली व ती पालकांकडून वसूल झाली. येथें साऱ्या वर्गाच्या कार्डांची बेरीज सारखीच येते. ही कमाई नव्हे, तर बालवीराचा गणवेश घातलेली पट्टी होय. तिसरा : सगळे रकाने एका बैठकींत, एका शाईनें, एकाच हातानें भरलेले. हा प्रकार ओळखण्यास आपल्या बनावट सनदा पारखणाऱ्या वाचकांस मुळींच प्रयास पडणार नाहींत.

याच्या उलट, विषम रकमा, खाडाखोड, निरनिराळ्या लेखण्या, कार्डाला लागलेला मातीचा अगर तेलाचा डाग, मध्येंच सोडलेली ओळ, हीं खरेपणाचीं लक्षणें समजावीं. नीटनेटकें कार्ड संशयास पात्र व मळकें कार्ड विश्वासार्ह, असा नियम केल्यास तो बहुधा चुकणार नाहीं.

एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. खोटें कार्डहि टाकून देऊं नये. वर्गणीचें रूपांतर कमाईंत कां करावें लागलें, वरून ठरलेल्या रकमेचा भार शाळेवर किती होता, पालकांस तो जड गेला काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें खोट्या कार्डांतच मिळतील. बनावट सनदेवरूनहि बनविणाऱ्याचा काळ व हेतु कळतोच.

६. घरोघरच्या कामाकडून दुकानाकडे

गेल्या कांहीं दशकांत खऱ्या कमाईचें स्वरूप पालटलें आहे. घरोघर जाऊन काम करण्याऐवजीं शाळेच्या आवारांत एके दिवशीं मेळावा भरवावयाचा, मुलांनीं भेळ, वडापाव, सरबत, भाजी, भेटकार्डें यांचीं दुकानें मांडावयाचीं, पालकांनीं व शिक्षकांनीं खरेदी करावयाची, आणि नफा पथकास द्यावयाचा, असा प्रकार आज महाराष्ट्रांतील शाळांत सर्वत्र दिसतो. ब्रिटनमध्येंहि १९९० नंतरच्या दशकांत जुना सप्ताह बंद पडला व पुढें तो निराळ्या रूपानें सुरू करावा लागला.

ह्या बदलास दोष देण्यापूर्वीं कारणें पाहिलीं पाहिजेत. अनोळखी घरीं मुलामुलींस एकटें पाठविणें पालकांस धोक्याचें वाटूं लागलें. बालमजुरीविरुद्ध १९८६ सालीं कायदा झाला व २०१६ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. तेव्हां मुलाच्या श्रमाचा मोबदला घेण्याविषयीं शाळांनीं जपून वागणें रास्तच होय. दिंडोरीसारख्या द्राक्षांच्या मुलखांत तर बागेंतील काम म्हणजे औषधांच्या फवारणीशीं संबंध, आणि तेथें मुलांस पाठविणें कोणीहि शहाणा शिक्षक मान्य करणार नाहीं.

दुकानापासून मुलें शिकत नाहींत असेंहि नव्हे. मुद्दल किती घातलें, विक्री किती झाली, माल उरला त्याचें काय केलें, हा हिशेब गणिताच्या पुस्तकांतील उदाहरणापेक्षां अधिक टिकतो. परंतु एक प्रश्न उरतोच. वड्याचें पीठ, तेल व बटाटे घरून फुकट आले, वडे आईनें तळले, आणि विकत घेणारेहि पालकच, तर नफा म्हणून जो आंकडा लिहिला जातो त्यांतील मुलाची कमाई किती ? सामानाची किंमत वजा केली नसेल तर तो नफा नव्हे. ती आईबापांचीच वर्गणी, फक्त बशींतून आलेली. शाळेनें मुलांकडून सामानाचा खर्च लिहून घेतला व तो वजा करून उरलेलाच पैसा निधींत धरला, तर मात्र दुकानाची कमाईहि तितकीच खरी ठरते.

संशोधनाच्या दृष्टीनें नुकसान झालें तें निराळेंच. जुन्या कार्डावर गांवचीं घरें होतीं; नव्या हिशेबांत फक्त बेरीज असते. घर, काम व सही हे तीन रकाने गेले, आणि मुलाचा गांवाशीं आलेला संबंध कागदावरून पुसला गेला.

७. सेवेचा माग

आतां सेवेकडे वळूं. नाशिकाहून सप्तशृंगीस पायीं जाणारे यात्रेकरू दिंडोरीवरून वणी व पुढें नांदुरीकडे जातात. चैत्रांत खानदेशाकडील पदयात्रींचे लोंढे गडाकडे येतात. अशा यात्रांत पाणी पाजणें, रांग राखणें, चुकलेल्या मुलास त्याच्या माणसांपाशीं पोंचविणें, प्रथमोपचार करणें, हीं कामें बालवीरांकडे सोंपविण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. झाडें लावणें, पाणवठा स्वच्छ करणें, शाळेचें आवार नीट करणें, हीं त्यांचीं नेहमींचीं कामें.

परंतु तहानलेला यात्रेकरू पावती देत नाहीं. बालवीरानें रोज एक सत्कृत्य करावें हा त्याचा नियम आहे, आणि त्या सत्कृत्याची वाच्यता करूं नये हा त्या नियमाचा आत्मा आहे. तेव्हां सेवेची नोंद जितकी कमी, तितकी ती सेवा नियमाबरहुकूम झाली असें म्हणावें लागतें. संशोधकापुढें ही अडचण नवी नाहीं. पेशव्यांच्या काळीं कोणास किती दक्षिणा मिळाली, कोठें अन्नछत्र चाललें, हें घेणाऱ्यांच्या आठवणींतून आपणांस कळत नाहीं; तें खर्चाच्या बाजूंतून कळतें. बालवीरांच्या बाबतींतहि तोच मार्ग धरावा लागेल.

पथकाच्या रोजमेळांत खर्चाकडे पाहिलें म्हणजे 'दोन रांजण', 'दोर', 'मलमपट्टीचें सामान', 'कंदिलाचें तेल', 'रोपांची गाडी' अशा तऱ्हेच्या नोंदी सांपडण्याजोग्या आहेत. रांजण घेतले त्याअर्थीं पाणपोई चालली. कंदिलाचें तेल घेतलें त्याअर्थीं रात्रींहि पहारा होता. रोपांचें गाडीभाडें दिलें त्याअर्थीं झाडें लागलीं, निदान खड्ड्यापर्यंत आलीं. अशा नोंदीशेजारीं त्याच महिन्याचीं कमाईचीं कार्डें ठेवलीं तर चार आण्यांचा प्रवास गोठ्यापासून पाणपोईपर्यंत उलगडतां येईल. आरंभीं जो मुद्दा मांडला त्याचें तात्पर्य हें आहे. कमाईचा कागद हा केवळ कमाईचा पुरावा नसून, ज्या सेवेनें स्वतःचा कागद ठेवला नाहीं तिचाहि तोच पुरावा आहे.

८. संग्राहकांस विनंति

हे कागद मिळतील कोठें ? शाळेच्या दप्तरांत जनरल रजिस्टर जपून ठेवतात, कारण जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं तें वारंवार लागतें. तपासणी-अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांचें पुस्तकहि बहुधा सांपडतें, व त्यांत पथकाविषयीं एखादा शेरा असूं शकतो. कमाईचीं कार्डें, पथकाचा रोजमेळ, पावत्यांचीं स्थळपुस्तकें, छावणीच्या वह्या यांस मात्र कायम जपण्याच्या कागदांत स्थान नसतें, आणि इमारत पडली, रंग दिला, मुख्याध्यापक बदलले कीं त्यांची रवानगी प्रथम होते. निवृत्त शिक्षकांच्या घरच्या ट्रंका हें दुसरें ठिकाण. आणि ज्यांनीं लहानपणीं पथकांत काम केलें अशा वृद्धांचें संग्रहीं ठेवलेलें साहित्य, गळरुमाल, श्रेणीचीं चिन्हें, समूहचित्रें, हें तिसरें.

कार्ड मिळाल्यास तें सुटें उचलूं नये. ज्या गठ्ठ्यांत, ज्या क्रमानें व ज्या वहीशेजारीं तें होतें त्याची नोंद आधीं करावी. गठ्ठ्यावांचून कार्ड म्हणजे रुमालांतून सुटलेलें एकाकी पत्र. मूळ कागद शाळेकडेच राहूं द्यावा व छायाचित्र घ्यावें. शाळा तो टाकूनच देणार असेल तर लेखी संमतीनें एखाद्या संशोधन-संस्थेच्या दप्तरांत ठेवावा. समूहचित्राच्या पाठीमागें साल व गांव पेन्सिलीनें आजच लिहवून घ्यावें. सांगणारा माणूस गेल्यावर त्या चित्रांतील मुलें केवळ मुलें उरतात.

आणखी एक पथ्य. सनदा व बखरींतील माणसें होऊन गेलीं. कार्डांवरील मुलें पुष्कळशीं हयात आहेत. कोण कोणाचा गोठा झाडीत होतें, कोणाच्या बापानें अंगठा उठविला, हें त्यांच्या नांवानिशीं छापण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. संख्या, कामें व रकमा प्रसिद्ध कराव्या. नांवें राखून ठेवावीं.

१६७० च्या लढाईनें दिंडोरीला इतिहासांत स्थान दिलें, व मोजक्या लेखकांनीं तें टिकविलें. त्याच तालुक्याच्या वाटांवर ज्या मुलांनीं यात्रेकरूंस पाणी पाजलें असेल त्यांच्यासाठीं बखर लिहिण्यास कोणी बसलेलें नाहीं. त्यांची बखर त्यांनींच, तुटक अक्षरांत, एका कार्डाच्या चार रकान्यांत लिहून ठेविली आहे. तें कार्ड आज कोणत्या कपाटांत आहे याचा तपास आपापल्या गांवच्या शाळेपासून आरंभावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.